वजन : सकाळी

२१ डिसेंबर १९८७. सकाळपासून बॅग रिकामी करते आहे. तुमसरहून परत येऊन दोन दिवस झाले तरी भाताचं तूस संपत नाही. साड्यांच्या घड्यांत, चपलेच्या पट्ट्यांत, चष्म्याच्या घरात, एवढंच काय, फ्लॉपीच्या कागदी पाकिटांतसुद्धा ते शिरलं आहे. पाकिटं उलटी करून झटकली, तूस अंगणात टाकलं, तांदळाच्या पिशवीची काथ्याची दोरी सोडून खुंटीला अडकवली. शेजारच्या बाईंनी गॅलरीतून विचारलं, "एवढ्या लांब काय पाहायला गेला होतात?" भंडारा जिल्ह्यात पाहण्यासारखं पुष्कळ आहे. तळी आहेत, जंगल आहे. मी पाहिली ती तांदळाची एक गिरणी, आणि तिथलं बरंचसं मला कळलं नाही.

जाण्याचं कारण निर्मला. मी पुण्यात कॉम्प्युटरचे वर्ग घेते. निर्मला मावशीकडे राहून माझ्याकडे शिकली आणि लग्न होऊन तुमसरला गेली. सासऱ्यांची गिरणी. नवरा जवाहरनगरला नोकरीला, तिथेच क्वार्टर, रविवारी घरी येतो. निर्मलानं सासऱ्यांच्या मागे लागून नागपूरहून एक मशीन आणवलं, पसंत पडलं तर ठेवायचं या बोलीवर. प्रोग्राम तिनं स्वतः लिहिला. कोणाचं धान आलं, किती आलं, कुठल्या हौदात भिजवायचं, कधी तयार होईल. नोव्हेंबरात तिचं पत्र आलं : प्रोग्राम चालतो, पण मधूनच एखाद्या सकाळी अडतो. सासरे म्हणतात, या हंगामात आणखी एकदा अडला तर मशीन नागपूरला परत आणि सून जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये. "मला गिरणीतच काम करायचं आहे. तुमचं ते नवीन तपासणीचं घेऊन या."

तुमसर

तुमसर रोड स्टेशनावर निर्मला गिरणीचा मेटाडोर घेऊन आली होती. मागे रिकामी पोती, पुढे आम्ही दोघी आणि ड्रायव्हर. गाव किती लांब, असं मी विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, "हे काय, आलंच." बराच वेळ गेल्यावर पुन्हा विचारलं. "आलंच नं, बाई." त्या आठवड्यात मला कुठल्याच प्रश्नाचं उत्तर आकड्यात मिळालं नाही, त्याची सुरुवात तिथे झाली.

गावाजवळ एक आंबूस, उकडल्यासारखा वास नाकात शिरला. मला वाटलं कुठे काही सडलं आहे. तो उसन्याचा वास. इकडे धान हौदात भिजवतात, वाफवतात, वाळवतात आणि मग कांडतात. त्या तांदळाला उसना म्हणतात. न वाफवलेला तो अरवा. आपण शेतात उभा असतो त्यालाही भात म्हणतो आणि पानात पडतो त्यालाही भातच. इथे शेतातलं ते धान, गिरणीतून निघालं की तांदूळ, आणि शिजला की भात. एवढी चोख विभागणी करणाऱ्या लोकांना माझं काम एका वाक्यात समजेल, असं मला त्या संध्याकाळी वाटलं होतं.

गिरणीच्या आवारातच घर. निर्मलाचे सासरे दारात उभे होते. उंच, पांढरी टोपी, बोलणं कमी. ती त्यांना मामाजी म्हणते आणि सासूबाईंना आत्याबाई. मीही तेच म्हणू लागले. ओसरीवर मशीनचं पुठ्ठ्याचं मोठं खोकं ठेवलेलं, काथ्याच्या दोरीनं पक्कं बांधलेलं. मी त्याकडे पाहते आहे हे मामाजींनी पाहिलं.

"रिकामंच हाये. पन बांधून ठेवलं. परत पाठवाची येळ आली तं दोरी शोधाले नको."

जेवताना मी भात थोडाच घेतला, पोळीसाठी जागा ठेवून. आधी भात आला, मधे भात आला, शेवटीही भातच. सोबत लाखोळी नावाच्या कडधान्याच्या पानांची भाजी आणि तळ्यातला मासा. मी मासे खात नाही म्हटल्यावर आत्याबाई काळजीत पडल्या आणि त्यांनी आणखी भात वाढला.

डबे

दुसऱ्या दिवशी लवकर जाग आली. घरात कोणी उठलेलं दिसेना, तेव्हा चहा करावा म्हणून स्वयंपाकघरात गेले. फळीवर पितळेचे सारखे डबे, एकावरही चिठ्ठी नाही. साखर सापडेपर्यंत मी मीठ, पोहे, रवा आणि कसलीशी राख उघडून पाहिली. तेवढ्यात आत्याबाई आल्या.

"माझ्याकडे प्रत्येक डब्यावर नाव लिहिलेलं असतं," मी म्हटलं.

"लेहाचं कायले? उघडून पाह्यलं का दिसते."

"चुकून भलतंच पडलं तर?"

"खानारा सांगते नं."

माझं काम काय आहे ते सांगायला याहून सोपा दाखला मला सापडणार नाही. निर्मलानं ज्या भाषेत प्रोग्राम लिहिला, ती आत्याबाईंच्या फळीसारखी आहे. प्रोग्रामात नावं असतात, आणि प्रत्येक नावात काहीतरी ठेवलेलं असतं : आकडा, अक्षरं, तारीख, हो किंवा नाही. ही भाषा विचारत नाही. आज आकडा ठेवा, उद्या त्याच नावात अक्षरं ठेवा, ती घेते. मग भर कामात दोन नावांची बेरीज करायला जाते, एकात आकडा आणि दुसऱ्यात अक्षरं निघतात, आणि जागच्या जागी थांबते. खाणाऱ्यानं सांगितल्यावर कळतं. मी पुण्याहून नेलं होतं ते चिठ्ठ्यांचं काम. चांदणीनं सुरू होणारी ओळ ही भाषा न वाचता सोडून देते. त्या ओळींत मी लिहायचं : हे नाव आकड्याचं, हे तारखेचं. मग मी वेगळा लिहिलेला एक तपासनीस प्रोग्राम, काहीही न चालवता, नुसता मजकूर वाचतो आणि सांगतो की अमुक ठिकाणी आकड्याच्या डब्यात अक्षरं पडू शकतील. डबा न उघडता. पुण्यातल्या माझ्याच छोट्या प्रोग्रामांवर तो छान चालला होता. खऱ्या कामावर ही पहिलीच वेळ.

आम्ही चिठ्ठ्या लावायला बसलो. मधे मधे लाईन जायची, म्हणजे वीज. किती वेळ जाते? "येतेच." दुपारपर्यंत चिठ्ठ्या लागल्या आणि तपासनिसानं बोट ठेवलं ते नेमकं वजनावर. निर्मलानं वजन अक्षरांत साठवलं होतं. आकडा दिसला तर त्याचा आकडा करायचा, नाहीतर तसंच पुढे पाठवायचं.

"वजन आकडा नाही तर काय असणार?" मी विचारलं.

"सकाळी."

"सकाळी काय?"

"मॅडम, दिवे लागल्यावर धानाची बैलबंडी आली तं तिचं वजन करत नाहीत. पोती उतरवून ठेवतात. मी वजनाच्या जागी 'सकाळी' लिहिते. सकाळी काट्यावर चढवलं की आकडा भरते."

"आणि एखाद्या सकाळी आकडा भरायचा राहिला की?"

"मग अडते."

म्हणजे रोग सापडला होता. पण संध्याकाळी वजन का करत नाहीत, हे मला कळेना. आवारात ट्यूबलाइट आहेत. रात्री तांदळाचे ट्रक भरतात, त्यांचं वजन मी स्वतः पाहिलं होतं. मामाजींना विचारलं.

"आमच्याकडे असंच हाये."

काट्यावर सोमा नावाचा माणूस असतो. तो म्हणाला, रात्री काट्याची दांडी नीट दिसत नाही. मग ट्रकच्या वेळी कशी दिसते? त्यावर तो हसला आणि म्हणाला, "ते मालकाले इचारा." संध्याकाळी त्याच सोमानं दुसरं कारण दिलं : रात्री धानाला दव लागतं, वजन वाढतं. पोती तर छपराखाली होती. शेवटी आत्याबाईंना विचारलं. त्या निवडलेले तांदूळ सुपात पसरत होत्या.

"धान म्हंजे लक्ष्मी. दिवे लागल्यावर पाव्हनी घरी आली तं तिले बस म्हनाव, पानी द्याव. किती जड हायेस म्हनून इचारते का कोनी?"

"आणि तांदूळ?"

"तांदूळ तं माल हाये."

सोमाकडून दोन कारणं मिळाली होती, तिसरं आत्याबाईंचं, आणि मामाजींनी कारणच दिलं नव्हतं. मी नाद सोडला आणि निर्मलाला सांगितलं, वजनाचा डबा आकड्याचा. संध्याकाळी आलेल्या धानाला शून्य लिही, सकाळी खरा आकडा भर.

तिचा हात कीबोर्डवर थांबला. "झिरो कसं लिहू? पोती तर समोर दिसतात."

"मग दुसरा आकडा सुचव."

मी तिची बाई होते, तिनं ऐकलं. तपासनीस गप्प झाला. मामाजींनी दारातून विचारलं, "आता नाई नं अडत?" मी नाही म्हटलं, आणि मला तशी खात्रीही होती.

करडी

तिसऱ्या दिवशी काम नव्हतं, म्हणून निर्मलानं मला तिच्या माहेरी करडीला नेलं. जीपच्या दोन्ही बाजूंना कापून झालेली धानाची शेतं, आणि त्या खुंटांतून वर आलेलं लाखोळीचं कोवळं हिरवं. धान उभं असतानाच ओल्या चिखलात लाखोळीचं बी शिंपडतात. नांगर नाही, पाणी नाही. कापणी झाली की खाली दुसरं पीक तयार. किती दिवस आधी शिंपडायचं? "वावर सांगते," असं उत्तर मिळालं. तळ्याच्या पाळीवर बगळे, पलीकडे मोहाची झाडं. आमच्याकडची शेतं इतकी सपाट आणि इतकी पाण्याजवळ नसतात. पाहायला बरं वाटलं. तळपायाला जळू चिकटली तेव्हा तितकं वाटलं नाही.

निर्मलाचे वडील गोविंदराव खळ्यावर पोती शिवत होते. चिनोर. बारीक, वासाचं धान. धाकट्या मुलीच्या साखरपुड्यासाठी वेगळं काढलेलं, न भिजवता अरवाच कांडायचं. बाकी वावरात जाडं धान असतं, चिनोर फक्त एका बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यात. मूठभर माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "वास घ्या." तुसासकट वास येत होता.

"पोरगी मशीनवर बसते म्हनतात. खरं काय?"

"खरं. चांगलं करते," मी म्हटलं.

"मंग तिचा सासरा काहून खोकं बांधून बसला?"

निर्मला म्हणाली, "बाबा, ते दोरीचं जतन करून राहिले. मशीनचं नाही." बापलेक हसले. मग तिनं हसणं थांबवलं आणि पोत्यांवरून हात फिरवला.

आम्ही जीपनं दुपारीच निघालो. गोविंदरावांची बंडी मागून येणार होती. आली ती दिवे लागल्यावरच. सोमानं पोती छपराखाली भिंतीशी लावली. गोविंदराव पाणी पिऊन उभ्या उभ्या निघाले. मुलीच्या सासरी राहायचं नाही, जेवायचं नाही, ही रीत आमच्याकडच्या जुन्या माणसांतही होती, पण आता बस चुकली की राहतात. ते गावातल्या भाच्याकडे झोपायला गेले. निर्मलानं मशीनवर लिहिलं : करडी, चिनोर, अरवा. वजन, शून्य. मी मागे उभी राहून पाहिलं.

हौद

सकाळी मशीन अडलं नाही. छापखान्यासारखा आवाज करत प्रिंटरनं हौदांची चिठ्ठी काढली आणि सोमा ती घेऊन गेला. मी चहा घेत होते. निर्मला खुर्चीवरून उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली.

"काय झालं?"

"रात्री बंडी आली होती, वजन राहिलं, आणि आज अडलं नाही," ती म्हणाली आणि चपला न घालता धावली.

मी पोचले तेव्हा हौदाच्या काठावर एका पोत्याची शिवण उसवलेली होती. त्यातलं अर्धं चिनोर पाण्यात, जाड्या धानाबरोबर. अर्धं पोतं निर्मलानं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

मामाजी आले. "हे कोनी टाकाले सांगतलं?"

"मशीननं," सोमा म्हणाला. "चिठ्ठीवर हाये."

चिठ्ठीवर खरंच होतं. मला हे कसं झालं ते समजायला वेळ लागला, आणि समजल्यावरही विश्वास बसेना. निर्मलाचा प्रोग्राम हौद भरेपर्यंत एकेक वाटा त्यात घालत जातो. पहिला हौद भरला होता. पण शून्य वजनाचं धान भरलेल्या हौदातही मावतं. अरवा असेल ते तो सकाळी वजन भरताना बाजूला काढतो, आणि ते वजन भरलंच नव्हतं. यापूर्वी हे कधी घडलं नव्हतं, कारण 'सकाळी' हा शब्द बेरजेत आला की सगळं तिथेच थांबायचं, निर्मला शिव्या देत काट्याकडे जायची, राहिलेलं वजन करायची आणि पुन्हा सुरू करायची. ज्याला आम्ही दोघी रोग समजत होतो, त्याच्यावर गिरणी चालली होती.

गोविंदरावही तेवढ्यात आले. मामाजींनी मान खाली घातली. "गोविंदराव, तुमच्या चिनोरले आमच्या मशीननं बुडवलं."

गोविंदरावांनी हौदात पाहिलं. "पाव्हनी आली तं आंघोळ करनारच," ते म्हणाले. पण त्यांचा चेहरा हसत नव्हता, आणि कोणीच हसलं नाही.

मामाजी ओसरीकडे वळले, खोक्याकडे. निर्मला तशीच ओल्या हातांनी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. सुनेनं सासऱ्यासमोर असं उभं राहणं त्या आवारात नेहमीचं नसावं. सोमानं तोंड फिरवलं.

"मामाजी, अडलं तं परत. नाई अडलं तरी परत. मंग ठेवाचं कवा, ते सांगा."

मामाजींनी टोपी नीट केली. "उद्या सकाळपर्यंत ठेवतो," ते म्हणाले. "पन मले एक सांग. तुले अडनारं पाहिजे का न अडनारं?"

निर्मलानं ओले हात पदराला पुसले आणि ती मशीनकडे वळली.

तिसरा प्रकार

आम्ही दोघी मशीनसमोर बसलो आणि आधी भांडलो. मी म्हणत होते, संध्याकाळचं धान मशीनमध्ये घालूच नको. ती म्हणत होती, मग ते आलंच नाही असं होईल, शून्याहून वाईट. मी म्हटलं, दिव्यानंतर वजन करा, प्रश्न मिटला. ती म्हणाली, "तुम्ही आत्याबाईंना सांगा." मी सांगितलं नाही.

मग तिनं विचारलं, "मॅडम, तुमच्या चिठ्ठीवर फक्त एकच लिहिता येतं का? 'आकडा, नाहीतर सकाळी' असं नाही चालणार?"

माझ्या तपासनिसाला असा डबा माहीतच नव्हता. मी सांगितलं की हे म्हणजे चिठ्ठी न लावण्यासारखंच आहे. ती म्हणाली, नाही, काहीही चालेल असं नाही, या दोहोंपैकीच एक. मी कागदावर मांडून पाहिलं. दोनदा वाटलं तिचं बरोबर, दोनदा वाटलं चूक. लाईन गेली, आली. शेवटी तपासनिसाचा मजकूर उघडला आणि त्याला नवा प्रकार शिकवला : वजन हे आकडा, नाहीतर सकाळी, आणि ज्या ओळीत ते वापराल तिथे आधी विचारलं पाहिजे की आकडा आहे का. विचारलं नसेल तर तक्रार.

चालवला. तक्रारींनी पडदा भरला. बेरजेत विचारलेलं नाही, हौद भरताना नाही, चिठ्ठी छापताना नाही. मी हताश झाले. निर्मला मात्र खुर्ची पुढे ओढून बसली. प्रत्येक तक्रारीला ती एकच प्रश्न स्वतःला विचारायची, वजन झालं नसेल तर इथे गिरणीत काय करतात, आणि तसं लिहायची. हौदात घालत नाहीत. बेरजेत धरत नाहीत. चिठ्ठीत सगळ्यांच्या वर नाव लिहितात. जेवणाची हाक आली तरी ती उठली नाही, तेव्हा आत्याबाई दोन ताटं तिथेच घेऊन आल्या. ताटात अर्थात भात. दुपार कलता कलता तपासनीस गप्प झाला. या वेळी मला खात्री नव्हती.

दिवे लागल्यावर एकही बंडी आली नाही. सगळेच फाटकाकडे पाहत होते. मग मामाजी स्वतः छपराखाली गेले. चिनोरची उरलेली पोती सकाळच्या गडबडीत काट्यावर चढलीच नव्हती. ती त्यांनी सोमाकडून हलवून हौदाजवळ, चुकून आत पडतील अशा जागी, ठेवली आणि येऊन म्हणाले, "लेह. आत्ता आली समज."

निर्मलानं लिहिलं : करडी, चिनोर, अरवा. वजन, सकाळी.

गोविंदराव त्या रात्रीही भाच्याकडेच झोपले.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा प्रिंटर चालू होता. मशीन अडलं नव्हतं. चिठ्ठीच्या माथ्यावर छापलं होतं की आधी काट्यावर करडीचं चिनोर, आणि खाली हौदांत त्याचं नाव कुठेच नव्हतं. मामाजींनी चिठ्ठी दोनदा वाचली, सोमाला दिली आणि काट्याजवळ उभे राहिले. वजन झालं, निर्मलानं आकडा भरला. गोविंदरावांनी चिनोर कांडून घेतलं, आणि माझ्या पिशवीत त्यातलं ओंजळ ओंजळ करत इतकं घातलं की तिचं तोंड मिटेना. मी नको म्हटलं, साखरपुड्याचं आहे. "एक पाव्हनी बुडाली, दुसरी पुण्याले जाऊ द्या," ते म्हणाले.

दिव्यानंतर येणारं धान का मोजायचं नाही आणि जाणारा तांदूळ का चालतो, हे मी निघतानाही पुन्हा विचारलं. या वेळी मामाजींनी आणखी एक कारण सांगितलं. ते मला अजिबात कळलं नाही.

"गाडीची वेळ होते," मी म्हटलं. "पिशवी बांधायला काही आहे का?"

मामाजींनी ओसरीकडे बोट दाखवलं. "तिथली घ्या."

मी खोक्यावरची दोरी सोडली, तिनं पिशवीचं तोंड बांधलं आणि मेटाडोरमध्ये जाऊन बसले.